बंड्या-ठकीचं सोवळं

"तुमच्याकडे म्हणे मुंगूस पाळलंय!"

मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय, की उत्तर आता पाठच झालंय. मुंगूस नव्हे हो, फेरेट. लांबुडकं अंग, आखूड पाय, टोकदार नाक आणि डोळ्यांभोवती चोराने बांधावी तशी काळी पट्टी. मुंगसाशी त्याचं काही नातं नाही. नातं लावायचंच तर आपल्याकडच्या पाणमांजराशी लावा, ते त्याच्या कुळातलं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते सशांच्या बिळात सोडण्यासाठी. स्ट्रेबो नावाच्या जुन्या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधल्या सशांच्या सुळसुळाटावर हाच उपाय नोंदवून ठेवलाय. म्हणजे घराणं पिढीजात शिकाऱ्याचं.

इथवर मंडळी कौतुकाने ऐकतात. मग पुढचा प्रश्न येतो, "खातं काय?" मी सांगते, "कच्चं मांस." समोरची बाई आधी माझ्याकडे बघते आणि मग माझ्या हातातल्या बशीकडे. तिचंही बरोबरच आहे. आमचं घर शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे विचारून खाणारं, चातुर्मासात कांदा-लसूण बाजूला ठेवणारं. आणि या घराच्या गॅरेजातल्या फ्रीझरमध्ये महिन्याला दहा पौंड कोंबडी येऊन पडत होती. हे कसं झालं ते एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे वड्याच्या रांगेत सगळ्यांचाच वेळ वाचेल.

आमची लेक ॲन आर्बरला शिकत असताना २०१९ साली तिने दोन पिल्लं आणली. नावं मात्र आजीच्या तोंडी बसतील अशी ठेवली, बंड्या आणि ठकी. २०२१ मध्ये तिला कॅलिफोर्नियात नोकरी लागली. पेढे वाटून झाल्यावर कळलं, की कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला कायद्याने बंदी आहे. ही जनावरं सुटून रानात वाढली तर तिथल्या पशुपक्ष्यांना धोका होईल, असं त्या राज्याचं म्हणणं. हवाईतही बंदी आणि न्यूयॉर्क शहरातही. मिशिगनमध्ये रेबीजची लस टोचलेली असली की चालतं. झालं! लेक पश्चिमेला गेली आणि बंड्या-ठकी पिंजरा, झोळ्या, बोगदे अशा सगळ्या बिऱ्हाडासकट आमच्याकडे आले.

सोबत एक तक्ता आला. प्लास्टिकमध्ये घालून पक्का केलेला, हॉस्टेलच्या मेसमध्ये असतो तसा. सोमवारी पंखांची टोकं, मंगळवारी काळीज, बुधवारी मांडीचं मांस, गुरुवारी थोडं यकृत. कंसात वजनं. प्रत्येकाला दिवसाला साधारण ७५ ग्रॅम. ते चार-पाच वाट्यांत विभागून. खाली लाल शाईत सूचना: "हाडं कच्चीच. शिजवलेलं हाड कधीही नाही."

मी तक्ता फ्रिजला लावला आणि खुर्चीत बसले. हे शेजारी उभे राहून तो वाचत होते. म्हणाले, "आपल्यालाही असा एक करायला हवा. गुरुवारी उपास."

आपल्या लोकांनी तेव्हा मला पुष्कळ उपाय सुचवले. दूधभात द्या, सवय लावली की खातील. पोळी कुस्करून द्या. उकडलेले मटार द्या, त्यात प्रथिनं असतात. एका ओळखीच्यांनी तर भारतातल्या एका मठातल्या कुत्र्याचं उदाहरण दिलं, तो म्हणे वरणभातावर चौदा वर्षं जगला. मी हे सगळं आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. मनातून मलाही हवंच होतं, की त्यातलं एखादं तरी चालावं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक कागद घेऊन आतड्याचं चित्र काढलं. फेरेटाचं आतडं अगदी आखूड असतं. गाईला, सशाला, घोड्याला पालापाचोळा पचवायला जी सोय असते, तशी काहीच याला नाही. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जी पिशवी असते, तीसुद्धा नाही. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. तेवढ्या वेळात मांस पचतं. चोथा आणि पिठूळ पदार्थ नीट पचत नाहीत, मटारासारखं काही अडकलं तर आतड्याला बूच बसतं. दुधाने जुलाब होतात. जबड्याची ठेवणही अशी, की तो नुसता वरखाली होतो. आपल्यासारखा बाजूला सरकून चघळू शकत नाही. दात कात्रीसारखे. कुत्रा माणसाच्या सोबतीने राहून पिष्टमय खायला बराच शिकला. मांजर आणि फेरेट शिकले नाहीत.

बाजारात फेरेटांसाठी कोरडं खाणं मिळतं, आणि चांगल्या प्रतीचं असेल तर पुष्कळांची फेरेटं त्यावर नीट जगतात, हेही त्यांनी सांगितलं. कच्च्या मांसाबद्दल डॉक्टरांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ सालीच त्याविरुद्ध मत दिलंय, कारण साल्मोनेला, लिस्टेरिया असले जंतू जनावरालाही बाधतात आणि घरातल्या माणसांनाही. पण फेरेटाची एक गंमत आहे. लहानपणी, साधारण पहिल्या सहा महिन्यांत ज्या वासाचं खाणं तोंडी लागतं, तेच त्याला अन्न वाटतं. नंतर दुसरं काही ठेवलं तर ते त्याला अन्नच वाटत नाही, उपाशी राहील पण शिवणार नाही. आमच्या लेकीने या दोघांना कोवळ्या वयातच मांसावर आणलं होतं. मांस दळून, कोमट पाण्यात पातळ करून, थेंबाथेंबाने. तेव्हा माझ्यापुढे आलेला प्रश्न अगदी साधा होता: वाढायचं की नाही?

वाढायचं ठरलं. ह्यांनी आणायचं, मी वाढायचं.

पहिल्या खेपेला मीच सोबत गेले. हॅमट्रॅम्कला एका बांगलादेशी भाईंचं हलाल मांसाचं दुकान आहे. त्यांनी विचारलं, "दिल चाहिए या कलेजी?" मी गोंधळले. काळीज म्हटलं की मला भावगीतं आठवतात. त्या शब्दाचे असे दोन ढीग काचेआड मांडलेले मी आयुष्यात प्रथमच पाहिले. दिल म्हणजे हृदय, त्यात टॉरिन नावाचं द्रव्य भरपूर. मांजराप्रमाणे फेरेटालाही ते फार गरजेचं. कलेजी म्हणजे यकृत, ते आठवड्यातून थोडंच, कारण 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तरी बाधतं. भाईंनी पुडी बांधता बांधता आपुलकीने विचारलं, "बहनजी, कैसे पकाती हैं आप?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पकाती नहीं हूँ." पुडी हातात देईपर्यंत ते गृहस्थ पुन्हा बोलले नाहीत.

एका गोष्टीला मात्र मी पहिल्या दिवशीच नाही म्हटलं. तक्त्यात रविवारी 'उंदीर, फ्रोझन' असं होतं. सापांसाठी असे उंदीर दुकानात मिळतात, आणि फेरेटाला अख्खा उंदीर हे हाडामांसासकट पूर्ण जेवण. पण ज्या फ्रीझरमध्ये ऑगस्टात ओल्या नारळाचा चव मोदकांसाठी ठेवायचा, तिथे गणपतीचं वाहन? लेक फोनवर खूप हसली. "ठीक आहे आई, रविवारी पंख दे."

२०२२ च्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. वाईच्या. गळ्यात तुळशीची माळ, वय ८१. हे प्रकरण त्यांना कसं सांगावं या काळजीत मी विमानतळापर्यंत होते. लेकीने त्यांना आधीच फोनवर सगळं सांगून टाकलं होतं! त्यांनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि माझी कामं बघत राहिल्या.

मांसाची सुरी वेगळी, पाट वेगळा, वाट्या वेगळ्या. त्या घरातल्या सिंकमध्ये येत नाहीत, गॅरेजातच धुतल्या जातात. गोठलेलं मांस फ्रिजच्या सर्वांत खालच्या खणात झाकून ठेवायचं, म्हणजे त्याचं पाणी कशावर गळणार नाही. तो हात कशालाही लावायचा नाही, नळाची तोटी कोपराने. दोन तासांत वाटी उचलायची, उरलेलं टाकायचं. मग साबणाने वीस सेकंद हात, ब्लीचच्या पाण्याने जमीन, आणि शेवटी कपडे बदलायचे.

सासूबाईंनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सोवळं!"

मला हसू आलं, पण खरंच होतं ते. त्यांच्या सासूने त्यांना हेच शिकवलं होतं: खरकटा हात भांड्याला नाही, स्वयंपाकाची जागा वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा. त्या सोवळ्याच्या नावाखाली माणसांनी माणसांना दूर ठेवलं, तो भाग गेला ते उत्तमच झालं. पण जंतूंना दूर ठेवायचं तर तीच शिस्त लागते. सासूबाईंना ही भाषा कळली आणि गॅरेजातलं सगळं त्यांच्या ओळखीचं झालं. त्यांनी मांसाकडे कधी पाहिलं नाही, पिंजऱ्यापाशीही गेल्या नाहीत. फक्त रोज पानावर बसण्याआधी विचारायच्या, "त्यांचं झालं का?" गोठ्यात वैरण पडल्याशिवाय घरात ताटं मांडायची नाहीत, अशा घरात त्या वाढलेल्या.

सोवळ्याचा भंग व्हायचा तो बंड्याकडून. फेरेटाला खाणं लपवून ठेवायची उपजत खोड असते. कुंपण घालून खाऊ घातलं तरी हा गालात तुकडा धरून साळसूदपणे बाहेर यायचा. त्या वर्षी गणपतीला पन्नास माणसं घरी आली होती. आरती झाली, प्रसाद झाला, आणि निघताना एका काकांनी बुटात पाय घातला. पुढे काही बोलले नाहीत, पाय तसाच वर काढला. आत एक अख्खं काळीज होतं. काका कोल्हापूरचे, म्हणून निभावलं. "वहिनी," म्हणाले, "तुमच्या घरी मला मटण मिळेल असं वाटलं नव्हतं."

२०२३ च्या ऑक्टोबरात ठकीचं काहीतरी बिनसलं. चालता चालता मागचे पाय टाकून बसायची. तोंडाला लाळ, नजर एकाच जागी लागलेली. रक्त तपासलं तर साखर ४६! अमेरिकेतल्या फेरेटांत हा आजार पुष्कळ दिसतो. स्वादुपिंडात गाठ होते, ती वारेमाप इन्सुलिन सोडते आणि साखर तळाला जाते. आमच्या मंडळात निम्म्या लोकांची साखर वर, हिची खाली! ह्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे खाण्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, पिठूळ खाण्यावर काहींचा संशय आहे, पण सिद्ध झालेलं नाही. आणि हिने तर पिठूळ काही खाल्लंच नाही.

शस्त्रक्रिया झाली. काही महिने बरे गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा सुरू झालं. मग औषध, आणि दर तीन-चार तासांनी थोडं थोडं मांस, रात्रीसुद्धा. बेशुद्ध व्हायला लागली तर हिरड्यांना मधाचं बोट लावायचं, पण तेवढंच. गोड जास्त दिलं की गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि साखर पहिल्यापेक्षा खाली जाते. मध म्हणजे नुसता धक्का. टिकाव धरायचा तो मांसावरच.

तोवर मी सगळं हातमोजे घालून, चमच्याने करत होते. कच्च्या मांसाला माझं बोट कधी लागलं नव्हतं. एका रात्री दोन वाजता ठकी चमच्याला तोंड लावेना. हातमोज्याच्या रबराचा वासही तिला नकोसा झाला. मी हातमोजा काढला, दळलेलं मांस करंगळीवर घेतलं आणि तिच्या ओठाला लावलं. तिने चाटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चाटलं. अशी अर्धी वाटी संपली. लेकीच्या लहानपणी मऊ भात असाच भरवला होता, तूप-मीठ घालून, याच बोटाने.

कॅलिफोर्नियात तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. लेक फोनवर होती, सगळं ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तुला माहितीय ना, मी पण खाते?"

"माहितीय."

"कधीपासून?"

"तू ॲन आर्बरला गेलीस तेव्हापासून. हात नीट धुतेस ना?"

आमच्यात हे बोलणं व्हायला सात वर्षं लागली. इथल्या किती घरांत ते अजून व्हायचं असेल!

त्याच हिवाळ्यात बर्ड फ्लूने आमची घडी विस्कटली. २०२४ च्या मार्चमध्ये एच५एन१ हा विषाणू अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत सापडला, आमच्या मिशिगनमध्येही. डिसेंबरात ऑरेगनमध्ये गोठवलेलं कच्चं टर्की-खाणं खाऊन एक घरातलं मांजर दगावलं, आणि मांजरातला व खाण्यातला विषाणू एकच निघाला. फ्रीझरने हा विषाणू मरत नाही, उष्णतेनेच मरतो. फेरेट तर फ्लूच्या बाबतीत फार नाजूक. माणसाचा फ्लूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांना मिळाला तो फेरेटांवरच्या प्रयोगांतूनच, आणि आजही फ्लूच्या संशोधनात हाच प्राणी वापरतात. आपला फ्लूही त्याला होतो. म्हणून ह्यांना ताप आला की गॅरेज बंद. ठकीच्या औषधाने तिची प्रतिकारशक्ती आधीच कमी झालेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कच्चं नको. शिजवून द्या."

हे ऐकून मी गप्प झाले. कच्चं होतं तोवर माझ्या शेगडीला त्याचा स्पर्श नव्हता. फार वास नाही, फोडणी नाही, भांडं चढवणं नाही. सारं गोठलेलं आणि झाकलेलं. शिजवायचं म्हणजे माझ्या घरात मांस रटरटणार. हे म्हणाले, "गॅरेजात विजेची शेगडी लावू." लावली. जानेवारीच्या थंडीत कोट घालून, मफलर गुंडाळून मी गॅरेजात उभी राहिले आणि वयाच्या ५७ व्या वर्षी पहिल्यांदा कोंबडी शिजवली. थर्मामीटर खुपसून १६५ अंश फॅरनहाइट पाहायचं, मग हाडं काढून टाकायची, कारण शिजल्यावर ती ठिसूळ होऊन टोकदार फुटतात. हाड गेलं की कॅल्शियम गेलं. त्याच्या बदल्यात अंड्याच्या कवचाची पूड, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाने. टॉरिन पाण्यात उतरतं म्हणून शिजवलेलं पाणीही द्यायचं. पुरणाची डाळ शिजवल्यावर आपण कट टाकत नाही, आमटी करतो. तसाच हा कट.

मी सगळं केलं. चव घेता येत नव्हती, एवढंच.

बंड्याने पहिले तीन दिवस वाटीकडे पाठ फिरवली, चौथ्या दिवशी खाल्लं. ठकीने लगेच खाल्लं, माझ्या बोटावरून. ती २०२५ च्या एप्रिलमध्ये गेली, सहा वर्षांची होऊन. लेक आली होती. मागच्या अंगणात मेपलखाली तिला पुरलं. वाईला फोन केला तेव्हा सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "उपाशी नाही ना गेली?" नाही म्हटलं. शेवटची वाटी तिने संपवली होती.

तुमच्याही मुलांना फेरेट हवंसं वाटेल. नाचतात छान, उड्या मारतात, दिवसातले चौदा-पंधरा तास झोपतात. तेव्हा त्यांना चार गोष्टी आधी विचारा. सहा ते आठ वर्षं याला कोण वाढणार? पुढची नोकरी कुठल्या राज्यात? फेरेट बघणारा डॉक्टर जवळपास आहे का? कच्चं देणार असाल तर या बर्ड फ्लूच्या दिवसांत डॉक्टरांशी बोललात का? आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. कारण मुलं गेली तर वाट्या तुमच्याकडे येणार.

मी अजून शाकाहारीच आहे. लोक विचारतात, एवढं मांस हाताळून तुला काही वाटत नाही? वाटतं. दुकानाच्या काचेपुढे उभी राहिले की अजूनही वाटतं, आणि एकाला जगवायला दुसऱ्याचा जीव जातो हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण बंड्याला मी घरात घेतलं, तेव्हा त्याचं आतडंही घेतलं. ते माझ्या व्रतांप्रमाणे चालणार नाही. व्रत मी माझ्या पानावर पाळते. त्याच्या वाटीत त्याचं असतं ते वाढते. मग हात धुते, वीस सेकंद.